झाकणाएवढं वर्तुळ

पिठाच्या डब्याचं झाकण पिशवीत घालून वर्गात जाणारा पूर्णेतला मी एकटाच मास्तर असेन. बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. विदेशी व्यापाराचा धडा आला की फळ्यावर वर्तुळ काढावं लागतं, आणि माझ्या हाताला वर्तुळ येत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी काढलेल्या वर्तुळाकडे बघून मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, ह्यो तर बटाटा हाय." सगळा वर्ग हसला, मीही कसंनुसं हसलो, आणि दुसऱ्या दिवशी घरून झाकण घेऊन गेलो. फळ्यावर दाबून धरायचं, कडेनं खडू फिरवायचा, झालं काम. तेव्हापासून पोरं मला पाठीमागं 'झाकण सर' म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत आजवर दोघातिघांनीच केली, आणि त्यांच्यावरही मी फार काळ डूख धरला नाही.

झाकण अक्काच्या डब्याचं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, बोरीला दिलेली. मला पूर्णेत नोकरी लागली आणि रेल्वे क्वार्टरच्या मागं एक खोली मिळाली, तेव्हा अक्का बोरीहून एस.टी.नं परभणीला आणि परभणीहून गाडीनं पूर्णेला, मांडीवर स्टीलचा भलामोठा डबा घेऊन आली. डब्यात ज्वारीचं पीठ होतं. "खानावळीचं खाऊन पोट बिघडून घेशील," म्हणाली. मला भाकरी थापता येत नव्हती हे तिला ठाऊक होतं, म्हणून दोन दिवस राहिली आणि शिकवून गेली. भाकरीही मला गोल आली नाही कधी.

त्याच सुमाराला वडिलांच्या रानाचं हक्कसोड झालं होतं. चारठाण्याच्या अलीकडं आमचं रान आहे. वडील गेले, वारस आम्ही दोघंच. अक्कानं जिंतूरला येऊन कागदावर सही केली आणि तिचा अर्धा वाटा माझ्या नावावर झाला. मी तिला जरीकाठी लुगडं घेतलं. आमच्याकडं बहिणी सही करतात. माहेर तुटू नये म्हणून करतात, आणि भाऊ लुगडं घेतात. मी त्याचा फार विचार केला नाही. विचार करण्यासारखं त्यात काही आहे असं मला त्या वेळी वाटलंच नव्हतं.

तर वर्तुळ. आपल्या देशातून जो माल बाहेर जातो तो कुणाकुणाकडे जातो, हे दाखवायला वर्तुळासारखी सोय नाही. पूर्ण वर्तुळ म्हणजे सगळी निर्यात. त्यातला हा तुकडा अमेरिकेचा, हा अमिरातीचा, हा चीनचा, हा बांगलादेशचा. दर वर्षी मी नवा तक्ता मिळवायचो, नवे तुकडे पाडायचो, आणि शेजारी जुनं वर्तुळ काढून पोरांना फरक दाखवायचो. पोरांना हे आवडायचं. निम्मी पोरं कापूसवाल्यांच्या घरची, म्हणून मी कापसाचं वर्तुळ वेगळं काढायचो. रुई आणि सूत कुठं जातं त्याचं. त्यात एके काळी चीनचा तुकडा एवढा मोठा होता की बाकीच्यांना अंग चोरून बसावं लागायचं. पुढं तो आखडत गेला आणि बांगलादेशचा फुगत गेला. मी ऐटीत सांगायचो, "बघा, एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं. बाजार कुणावाचून अडत नाही."

मला या तुकड्यांचा माज होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. गावाकडची माणसं पावसाचं, भावाचं बोलायला लागली की मी मनात म्हणायचो, यांना काय कळतंय, ढाक्यात काय चाललंय ते.

अक्काचे मालक, म्हणजे माझे दाजी, बोलका माणूस. गावातल्या कुठल्याही लग्नात आलेल्या पाहुण्यांना पंगतीला बसवायचं काम यांच्याकडं, कारण यांना प्रत्येकाचं गाव, कूळ आणि रुसवा तोंडपाठ. मला ते 'गुर्जी' म्हणायचे. कॉलेजच्या मास्तरला गुर्जी म्हटलेलं आवडत नाही हे कळल्यावर तर आवर्जून म्हणायचे. त्यांना लकवा मारला तेव्हा उजवं अंग गेलं आणि त्याच्याबरोबर बोलणंही. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, हात येईल न येईल, पण बोलणं परत येऊ शकतं. यांना माणसांत ठेवा. दिवसभर कुणी ना कुणी बोललं पाहिजे आणि यांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला पाहिजे.

बोरीतलं त्यांचं घर तीन खोल्यांचं. पुढची खोली स्लॅबची, मागच्या दोन पत्र्याच्या, आणि त्यामागं गोठा. पुढच्या खोलीची खिडकी थेट रस्त्यावर. अक्कानं दाजींची खाट त्या खिडकीला लावली. दुकानाला जाणारा, पिठाच्या गिरणीला जाणारा, शाळेतून येणारा, जो तो खिडकीशी थांबून म्हणायचा, "राम राम, आबा!" आणि दाजी उत्तर द्यायची खटपट करायचे. आधी नुसता 'आ' निघायचा. मग 'आम'. पोळ्याला मी गेलो तेव्हा त्यांनी मला "राम... राम" असं दोन तुकड्यांत म्हणून दाखवलं आणि घामानं भिजले. दिवाळीपर्यंत ते सलग म्हणायला लागले होते, वर एखादा शब्द जास्तीचा. भाऊबीजेला मला बघून म्हणाले, "राम राम, गुर... जी." अक्का स्वयंपाकघरातून पळत आली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्याला पाणी होतं. मला आयुष्यात पहिल्यांदा ते 'गुर्जी' गोड लागलं.

ही तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या आदल्या साली कापसाला कधी नव्हे तो भाव मिळाला होता. ज्यांनी घाई केली ते हळहळले, ज्यांनी घरात ठेवला ते मिशीला पीळ देत फिरले. त्यामुळे या साली अवघ्या गावानं ठरवलं होतं की व्यापाऱ्याला तंगवायचं. वेचणी आटोपत आली आणि अक्काचा फोन आला. शेत तीच बघायची. मुलगी नांदेडला दिलेली, दाजी खाटेवर, दुसरं कोण बघणार?

"भाऊ, व्यापारी दारात उभा ऱ्हायलाय. कापूस देऊ का ठेवू?"

"भाव काय म्हणतोय?"

"बरा म्हणतोय. पर गेल्या सालावानी न्हाई. गावात समदे ठेवायलेत."

"तुझ्या मनात काय आहे?"

"माझ्या मनाचं काय घेऊन बसलास. तू शिकवतूस ना ह्येच? तूच सांग."

पन्नाशी उलटलेल्या माणसाला थोरल्या बहिणीनं असं विचारावं, यापेक्षा मोठा मान कोणता? 'थांब, मी रविवारी येतो,' म्हणालो. फोनवर एका वाक्यात सांगून टाकावं इतकं ते मला किरकोळ वाटलं नाही.

रविवारी बोरीला गेलो तो तक्ता, खडू आणि झाकण घेऊन. पुढच्या खोलीत शहाबादी फरशी आहे, तिच्यावर मी दोन वर्तुळं काढली. एक जुन्या वर्षाचं, एक चालू. दाजी खाटेवरून वाकून बघत होते. अक्का हातातलं निवडणं बाजूला ठेवून समोर बसली. मी सांगितलं, हा चीन, बघ किती आखडला. आणि हा बांगलादेश, बघ कसा वाढला. त्यांच्याकडं कपडे शिवायचे कारखाने आहेत, त्यांना आपली रुई लागतेच. त्यांचा वाटा वाढायलाय म्हणजे त्यांची मागणी वाढायलीय. दोन महिने कळ काढ, भाव वर येईल.

अक्का बराच वेळ बघत राहिली. मग तिनं बोटानं दोन्ही वर्तुळांच्या कडा दाखवल्या.

"ही दोनी ताटं एवढीच हायत का रं? जुनं बी एवढंच, नवं बी एवढंच?"

"अगं, ते झाकणानं काढलंय म्हणून. समजायला सोपं पडावं म्हणून सारखी काढतात."

"बरं," ती म्हणाली. "पर कापूस ठेवायचा तर हितंच ठेवावा लागंल. मागं पत्र्याखाली गळतंय. मंग ह्यांची खाट?"

"दोनच महिन्यांचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो.

हे वाक्य मी किती सहज बोललो ते मला अजून आठवतं. पुढ्यात चहा होता, त्यात बिस्किट बुडवता बुडवता बोललो. दाजी खाटेवरून माझ्याकडं बघत होते. त्यांना काही म्हणायचं होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. मी त्यांना विचारलं नाही.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो तेव्हा पुढची खोली कापसानं स्लॅबपर्यंत भरली होती. दार उघडलं की पांढरी भिंतच. उंदीर आणि दमट हवा आत येऊ नये म्हणून खिडकी बंद करून फटींना कागद चिकटवलेले. दाजींची खाट मागच्या खोलीत, गोठ्याच्या भिंतीला लागून. तिथून त्यांना दिसायचं ते चुलीचं तोंड आणि पितळी घागर. अक्का सकाळी रानात जायची ती दुपारी यायची. दिवसभर त्यांच्याशी बोलायला एक म्हैस होती. घरात कापूस असला की अंगाला खाज सुटते, बारीक किडे होतात. दाजींच्या उजव्या हाताला डाव्यानं खाजवून खाजवून वळ उठले होते, आणि डाव्या हाताला खाजलं तर त्यांना खाजवताही येत नव्हतं. रात्री खोकतात, असं अक्का म्हणाली.

"राम राम, दाजी," मी म्हणालो.

त्यांनी वेळ घेतला. ओठ दोनदा हलले. मग म्हणाले, "राम." दुसरा 'राम' आला नाही.

"कुणी येत न्हाई ना मागं," अक्का म्हणाली. "खिडकीत व्हते तवा येता जाता बोलायचे लोक. आता मुद्दाम घरात कोण येतंय? तुझ्या त्या बांगलादेशवाल्याचं काय रं, बसला का न्हाई जेवायला?"

"बसेल, बसेल," मी हसून म्हणालो. शेजारच्यानं दिवाळीनंतर लगेच कापूस विकून टाकला होता. तो भेकड आहे असं मी जाता जाता अक्काला सांगितलं.

जानेवारीच्या शेवटी आमच्याकडं बारावीची सराव परीक्षा असते. मीच पेपर काढतो, मीच तपासतो. काही प्रश्न मी वर्षानुवर्षं तेच ठेवले आहेत, कारण त्यांच्यासारखे चांगले प्रश्न मला पुन्हा सुचले नाहीत. त्यातला एक 'सहमत आहात की असहमत, सकारण लिहा' या प्रकारातला: एखाद्या देशाचा निर्यातीतील वाटा वाढला, म्हणजे त्या देशाला होणारी निर्यात वाढलीच. गठ्ठा पुढ्यात घेऊन मी लाल पेन फिरवत होतो. पहिल्या पोरानं लिहिलं होतं, असहमत. एकूण निर्यात घटली आणि बाकीच्या देशांनी जास्त कमी घेतलं, तर ज्यानं कमी घेतलं नाही त्याचा वाटा आपोआप वाढतो. बरोबर. दुसऱ्यानं लिहिलं होतं, असहमत. तिसऱ्यानं असहमत. एका मुलीनं उदाहरण दिलं होतं: घरात पाच माणसं जेवायची, तिघं परगावी गेली, तर आजीचा वाटा वाढतो, पण आजी दोन भाकरी जास्त खात नाही. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि बाजूला 'छान' लिहिलं.

आणि तिथं माझा हात थांबला.

उठलो, कपाटातून तो तक्ता काढला. अक्काला दाखवायला नेलेला. त्यात देशांच्या वाट्यांआधी पहिला रकाना होता, एकूण निर्यातीचा. तो मी वाचलाच नव्हता. इतकी वर्षं वाचायची गरजच पडली नव्हती, झाकण सगळ्या वर्षांना एकच माप लावायचं. एकूण खाली आली होती, चांगलीच खाली. बांगलादेशनंही आदल्या वर्षीपेक्षा कमीच घेतलं होतं. फक्त बाकीच्यांनी त्याच्याहून कमी घेतलं, म्हणून याचा तुकडा फुगलेला दिसत होता. मागणी वाढली नव्हती. कुणीच भाव वर नेणार नव्हतं. हेच सगळं पोरांना शिकवून मीच पेपर काढला होता, आणि माझ्या बहिणीच्या घरात खिडकीला कागद चिकटवले होते.

चूक झाली ती झाली. चुका सगळ्यांच्या होतात. पुढं मी जे केलं त्याला मात्र माझ्याकडं उत्तर नाही. मी अक्काला फोन केला नाही.

सकाळी करू म्हणालो. सकाळी वाटलं, आज विक म्हणून सांगितलं आणि उद्या भाव वाढला, तर दोनदा तोंडघशी पडायचं. दोन दिवस थांबू. भाव रोज मोबाइलवर यायचा, रोज बघायचो. एक दिवस जरासा चढला तर मला इतका आनंद झाला की बायकोनं विचारलं, काय झालं. पुन्हा उतरला. मग बोर्डाच्या परीक्षा लागल्या, मग उत्तरपत्रिका आल्या, कामाचं निमित्त मिळालं. मार्चमध्ये अक्काचाच फोन आला. "भाऊ, अजून ठेवू का?" मी म्हणालो, "थोडं थांब." तेव्हा मला सगळं माहीत होतं. तरी म्हणालो. मास्तरकीची एवढी लाज मला कशासाठी राखायची होती, हे मी आजही स्वतःला विचारतो. वर्गात चुकलं तर डस्टर फिरवता येतो, इथं डस्टर हातात असून मी तो फिरवला नाही.

मे सरत आला, पेरणी तोंडावर आली, आणि अक्कानं मला न विचारता व्यापाऱ्याला बोलावलं. शेजारच्याकडून कळलं तसा मी पहिल्या गाडीनं निघालो. बोरीला पोचलो तेव्हा दारात टेम्पो उभा होता. व्यापाऱ्याच्या माणसानं मुठीत कापूस घेतला, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढला, उजेडाला धरला आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, पिवळा पडलाय. आन वाळून हलका झाला. एवढं दिवस काऊन ठेवला?"

अक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "ठेवला," एवढंच म्हणाली.

दिवाळीनंतर दारात चालून आलेल्या भावापेक्षा कितीतरी कमी भावात तो गेला. वजनही घटलं होतं. पण अक्काला त्याची फिकीर दिसली नाही. शेवटची पोती टेम्पोत पडली तशी तिनं पदर खोचला, खोली झाडली, फरशी दोनदा पुसली. माझी खडूची वर्तुळं कापसाखाली कधीच पुसून गेली असतील. तिनं खिडकीचे कागद ओढून काढले, पल्ले उघडले, आणि आम्ही दोघांनी मिळून दाजींची खाट पुढं आणली. त्यांना तक्क्याला टेकवून बसवलं. ऊन आत आलं तसे त्यांनी डोळे मिटले.

थोड्या वेळानं पिठाचा डबा डोक्यावर घेतलेला एकजण रस्त्यानं जाताना थबकला. "राम राम, आबा! आलात का खिडकीत?"

दाजींनी डोळे उघडले. त्याच्याकडं बघितलं. आम्ही दोघं मागं उभे राहून त्यांच्या ओठांकडं बघत होतो. तो माणूसही थांबला होता बिचारा. ओठ हलले नाहीत. दाजींनी मान हळूहळू भिंतीकडं वळवली, जणू त्यांना इतक्या उजेडाची सवय राहिली नव्हती. तो माणूस म्हणाला, "असू द्या, असू द्या," आणि गेला. संध्याकाळपर्यंत आणखी चारपाच जण थांबले. दाजींनी कुणालाच उत्तर दिलं नाही.

मागच्या दारात अक्का भांडी घासत होती तिथं जाऊन मी बसलो. म्हणालो, "अक्का, मला जानेवारीतच कळलं होतं. माझं चुकलं होतं. वाटा वाढला होता, पण माल कमी जात होता. कळलं तरी मी तुला सांगितलं नाही."

तिच्या हातातली कढई थांबली नाही. राखेनं ती घासतच राहिली.

"चुकला त्याचं काई न्हाई," ती म्हणाली. "पाऊस बी चुकतोय. पर कळल्यावर गप बसलास व्हय?"

तिनं राखेची आणखी एक चिमूट घेतली.

"मी इचारलं व्हतं तुला. दोनी ताटं एवढीच का म्हून. इचारलं व्हतं का न्हाई?"

"होय."

"मी जिंतूरला सही केली," ती म्हणाली. "तुझा वाटा अर्ध्याचा पुरा झाला. रान वाढलं का रं? बांध व्हता तिथंच हाय. माझं गेलं म्हून तुझं वाढलं. ह्येला मास्तर व्हावं लागतंय का?"

इतक्या वर्षांत अक्कानं त्या सहीचा उल्लेख एकदाही केला नव्हता. तेव्हाही तिनं आवाज चढवला नाही. कढई पालथी घातली, हात धुतले आणि माझ्यासाठी भाकरीला पीठ घेतलं. ती भाकरी मी कशी खाल्ली ते माझं मला माहीत.

परत आल्यावर मी वकिलाकडं जाऊन विचारलं. बक्षीसपत्र करून अक्काचा अर्धा वाटा तिला परत देता येतो, अवघड काही नाही. कागद तयार केले. ते माझ्या टेबलाच्या खणात आहेत, त्यावर माझी सही व्हायची आहे. बायको म्हणते, मुलांना विचारा. मुलं म्हणतात, बघू. मी कुणावर ढकलत नाही, पेन माझ्याच खिशाला असतं. भाऊबीजेला मी बोरीला जातो, अक्का ओवाळते, आणि मी ताटात पाकीट घालतो.

झाकण मात्र मी डब्यावर परत ठेवलं. आता फळ्याच्या मध्यावर खिळा धरतो आणि सुतळीनं वर्तुळ काढतो. आधी एकूण किती ते लिहायचं, त्या मापानं सुतळी लहान-मोठी करायची, मग वर्तुळ, आणि तुकडे शेवटी. वेळ लागतो, वर्तुळ अधूनमधून बटाट्यावर जातं. नाव काही गेलं नाही, झाकण सर ते झाकण सरच.

यंदा अमेरिकेनं आपल्या मालावर जबर कर लावला तेव्हा स्टाफरूममध्ये रोज वाद. एक म्हणाला, अमेरिकेचा तुकडा कमी झाला तरी युरोपचा वाढेल, आखाताचा वाढेल, उलट बरंच होईल. मी त्याला म्हणालो, वाढेल की. कुणीच काही घेतलं नाही आणि एकानं कापसाची एकच गाठ घेतली, तर त्याचा वाटा पुरा वर्तुळभर. तो म्हणाला, तुम्हाला सगळीकडं वाईटच दिसतं.

त्या सालानंतर अक्कानं मला कापसाचं विचारणं सोडून दिलं होतं. वेचला की विकायची. मी आपणहून कधी विषय काढला नाही. यंदा वेचणी चालू असताना एका दुपारी मी स्टाफरूममध्ये होतो, तेव्हा तिचा फोन आला.

"भाऊ, अमेरिकेनं कसला कर लावला म्हनं. टीव्हीत सांगायलेत. कापसाचं काय व्हईल रं आपल्या?"

माझ्या समोर तक्ता होता, या वेळी पहिला रकाना वाचलेला. तोंडात चार वाक्यं तयार होती.

"अक्का, मला माहीत नाही," मी म्हणालो.

"माहीत न्हाई म्हंजे?"

"म्हणजे मला कळत नाही. भाव चढेल का उतरेल, मला सांगता येत नाही."

फोनमध्ये मागं म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"बरं झालं सांगितलास," ती म्हणाली. "मंग मी उद्याच देते. खिडकी काई बंद करायची न्हाई आता. थांब, ह्यांच्याजवळ देते फोन. बोल."

फोन खरखरला. तिनं तो त्यांच्या कानाला लावला असावा. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेलेली मला ऐकू आली, म्हणजे खाट खिडकीतच होती.

"राम राम, दाजी," मी म्हणालो.

पलीकडून नुसता श्वास येत होता. अक्का हळू आवाजात म्हणत होती, "गुर्जी हायत. बोला की. तुमचे गुर्जी."

माझ्या तासाची घंटा झाली. पोरं वर्गात जाऊन बसली असतील. मी सुतळी आणि खिळा खिडकीत ठेवला, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पुन्हा म्हणालो, "राम राम, दाजी."